वारशात आलेलं टोपीचं रिव्हॉल्व्हर: सोलापुरातल्या नव्या धारकासाठी

सोलापूरच्या जुन्या पेठांतल्या आणि आसपासच्या गावांतल्या वाड्यांत अजूनही एखाद्या कपाटातून, जुन्या धोतरात गुंडाळलेलं ठासणीचं हत्यार निघतं. बहुतेक वेळा ती शेतराखणीची लांब बंदूक असते. क्वचित मात्र सहा घरांचं, मागे तांब्याच्या बारीक टोप्या बसवायचं रिव्हॉल्व्हर असतं. आमच्याकडे असंच एक आजोबांच्या परवान्यावर होतं, ते वडिलांकडे आणि मग माझ्याकडे आलं. कचेरीत काय लागतं हे एकसंध सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि साफसफाईबद्दल तर जो तो वेगळंच सांगे. पुढे कापडउद्योगातल्या यंत्रांच्या कामासाठी जर्मनीत राहिलो, तिथल्या क्लबात ही रिव्हॉल्व्हरं चालवणारी मंडळी भेटली आणि बरंच काही हाताने करून कळलं. तुमच्या घरी असं हत्यार असेल, किंवा परदेशी गेल्यावर ते चालवून बघायचं मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी हे चालतं कसं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं समजेल. इथे काडतूस नाही. सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून काळी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठासायची. घराच्या मागच्या बाजूला एक पोकळ निपल असतं, त्यावर टोपी, म्हणजे केप, बसवायची. घोडा टोपीवर आपटला की तिची ठिणगी निपलमधून आत जाते आणि दारू पेटते. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, सॅम्युएल कोल्टने फिरत्या सिलिंडरचं अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची ती कोल्ट आणि अ‍ॅडम्स जातीची, अशीच टोपीची रिव्हॉल्व्हरं.

१. हातात घेण्याआधी ते भरलेलंच आहे असं समजा

काळी दारू कोरडी राहिली तर कुजत नाही, विटत नाही. शंभर वर्षांपूर्वी भरून ठेवलेलं हत्यार आजही उडू शकतं. म्हणून सापडल्या सापडल्या घोडा मागे ओढून बघणं, चाप दाबून बघणं, मुलांना दाखवणं, यातलं काहीही करू नका.

नळी रिकाम्या भिंतीकडे ठेवून, बाजूने, बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या मागे बघा. निपलवर तांब्याची किंवा हिरवट पडलेली टोपी दिसली तर तिथेच थांबा. टोपी पकडीने उपटू नका. टोप्या नसल्या तरी घरं रिकामी आहेत असं होत नाही, गोळी आणि दारू आत असू शकते. आणि नळीसमोर आलेलं घर बाहेरून दिसतच नाही. ते परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडूनच तपासून घ्यायचं.

लांब बंदुकीसाठी सोपी खूण आहे. लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत घाला, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा, काठी बाहेर काढून नळीवर ठेवा. टोक निपलपर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी ठासलेलं आहे.

हत्यार पिशवीत घालून दुचाकीवरून दुकानात नेणं हा नेहमीचा सापळा आहे. परवाना तुमच्या नावावर नसेल तर वाटेत तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरता. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. भरलेलं असल्याचा संशय असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि ते कसं हलवायचं हे त्यांना ठरवू द्या.

२. काय आहे ते ओळखा आणि लिहून ठेवा

कागदपत्रांत वर्णन लागतं, म्हणून हे काम लवकर करा. सिलिंडरच्या वरून लोखंडी पट्टी जाते का बघा. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही किंवा १८६० च्या आर्मी नमुन्यात वर पट्टी नसते, नळी आणि सांगाडा एका आडव्या पाचरीने जोडलेले असतात. रेमिंग्टन आणि अ‍ॅडम्समध्ये पट्टी असते. कोल्टने १८५३ मध्ये लंडनमध्ये कारखाना काढला होता, त्यामुळे नळीवर लंडनचा पत्ता असलेली कोल्ट रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे आली यात नवल नाही. याशिवाय देशी कारागिरांनी घडवलेल्या नकलाही असतात, त्यांवर नाव नसतं किंवा अर्धवट अक्षरं असतात.

सगळे क्रमांक, शिक्के, नळीची लांबी, तोंडाचा व्यास लिहून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्का वाचता येत नाही म्हणून घासू नका. तिरप्या उजेडात फोटो काढला की अस्पष्ट अक्षरंही उठून दिसतात.

३. परवाना: सगळ्यात आधी कागद

इथे लोक सर्वात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला गैरसमज: "एवढं जुनं आहे, याला कुठला आलाय परवाना?" शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण एका अटीवर. ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नुसता घोडा अडकलाय, स्प्रिंग तुटलीय, निपल गंजलंय, हे सगळं दुरुस्त होणारं आहे. त्यामुळे "बंद पडलंय" हे तुम्ही स्वतः ठरवून उपयोग नाही.

दुसरा गैरसमज: "आजोबांचा शेतराखणीचा परवाना आहे की!" पिकांच्या रक्षणासाठी मिळणारा परवाना ठासणीच्या लांब बंदुकीसाठी असतो. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. परवान्याच्या पुस्तकात नेमकं कोणतं शस्त्र आणि कोणता क्रमांक नोंदवला आहे ते शब्दन्‌शब्द वाचा.

तिसरा, आणि सगळ्यात महागात पडणारा: परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरातच राहू देणं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. धारक गेल्यावर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केल्याची पावती घ्या आणि तिच्यावर शस्त्राचा क्रमांक आहे ना, हे तिथेच उभं राहून तपासा. तेरावं-चौदावं उरकेपर्यंत कुणाच्या डोक्यात हे येत नाही, म्हणून घरातल्या एकाने ही जबाबदारी घ्यावी.

अर्ज कुठे करायचा? सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा अशा ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. चौकशी मात्र दोन्हीकडे तुमच्या स्थानिक पोलीस ठाण्यामार्फतच होते. हद्दीच्या कडेला घर असेल तर अर्ज भरण्याआधीच आपलं ठाणं शहरात येतं की ग्रामीणमध्ये, हे विचारून घ्या. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज फिरत राहतो.

वारसाला परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. धारकाच्या मृत्यूनंतर तर ती लागू होतेच. धारक हयात असताना त्याला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हाही तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. वडीलधारे असतानाच हे करून घेतलं तर पुढची निम्मी धावपळ वाचते. भावंडांची संमतीही त्यांच्यासमोर सहज मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त शस्त्रं राहू शकत नाहीत, आणि वारशाचं शस्त्रही या दोनातच मोजलं जातं.

सोबत हे तयार ठेवा:

- अ-१ नमुन्यातला अर्ज आणि फोटो
- आधार, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा
- मूळ परवाना आणि धारकाचा मृत्यू दाखला
- वारस असल्याचा पुरावा, बाकी सर्व वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र
- शस्त्र जमा केल्याची पावती
- शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला
- शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला

नाहरकत पत्रात लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या वगळू नका. एक सही कमी पडली तर फाईल परत येते. अर्जदार २१ वर्षांचा पूर्ण हवा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

परवाना कधीच नव्हता आणि हत्यार अचानक सापडलं, तर "विहिरीत टाकून दे", "माळ्यावर राहू दे" असे सल्ले मिळतील. दोन्ही ऐकू नका. वकिलाला सोबत घ्या, कुठे आणि कसं सापडलं ते लिहा, आणि स्वतःहून ठाण्यात कळवा.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून असं काही पाठवण्याचा विचारही करू नका.

४. चालवायचं की जपायचं, हे आधी ठरवा

माझं मत ठाम आहे. दीडशे वर्षांचं मूळ रिव्हॉल्व्हर चालवू नये. त्या काळच्या लोखंडात आतून चिरा असतात, निपलचे आटे झिजलेले असतात, सिलिंडर नळीशी नीट जुळत नाही. हे बाहेरून दिसत नाही, बार उडाल्यावर कळतं. ज्यांना चालवायचंच आहे ते जगभर नव्या पोलादात बनवलेल्या प्रतिकृती वापरतात. त्यातल्या बऱ्याच इटलीतल्या ब्रेशिया भागात, उबेर्ती आणि पिएत्ता या कारखान्यांत तयार होतात.

लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या शेतात "नुसतं बघू चालतंय का" म्हणून बार काढणंही टाळा.

परदेशात प्रत्येक देशाचं वेगळं आहे. जर्मनीत एकबारी ठासणीचं हत्यार सज्ञान माणसाला परवान्याशिवाय घेता येतं, पण सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरला परवाना लागतो आणि काळ्या दारूसाठी आणखी वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिथे पाहुणा म्हणून क्लबात गेलात तर क्लबचा माणूस शेजारी उभा राहून त्यांचंच हत्यार चालवायला देतो. नवख्यासाठी हीच उत्तम वाट. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि त्यातले चांगले १० मोजायचे असतात. एवढ्यावरून लक्षात येईल की इथे घाई करणाऱ्याचं काम नाही.

५. रेंजवर भरण्याचा क्रम

क्रम मोडला की धोका सुरू, म्हणून तो पाठच करा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. जवळपास सिगारेट नाही.

आधी रिकाम्या सिलिंडरच्या सगळ्या निपलवर टोप्या लावून, नळी गवताच्या पात्याजवळ धरून उडवा. पातं हललं की वाट मोकळी आहे, आतलं तेल जळून गेलं.

मग वापरलेल्या टोप्या काढून घोडा अर्ध्या खटक्यावर आणा, सिलिंडर मोकळं फिरू लागेल. दारू मापात घ्या आणि मापातून घरात ओता. डब्यातून थेट कधीही ओतू नका. घरात ठिणगी राहिली असेल तर मापातली चिमूटभर दारू पेटेल, डबा असेल तर हात जाईल. .३६ च्या रिव्हॉल्व्हरला निशाणेबाजीसाठी १५ ते २० ग्रेन, .४४ ला २० ते २५ ग्रेन दारू पुरते. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, तेव्हा हे सगळं दीड ग्रॅमच्या आसपासचं काम आहे. दारू कमी आणि घर खोल असेल तर मधली जागा भरायला तिकडचे नेमबाज चक्क रवा घालतात. शिऱ्याचाच रवा, कोरडा.

त्यावर शिशाची गोळी. ती घरापेक्षा किंचित मोठी हवी, .३६ ला .३७५ इंचाची. दांड्याने ठासताना कडेने शिशाची बारीक, अखंड चकती कापली जाते. ती दिसली की गोळी घट्ट बसली. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये हवेची पोकळी राहिली तर दाब बिघडतो. तोंडावर मेण आणि चरबीचा लेप लावा, दारूची काजळी मऊ राहते.

टोप्या सर्वात शेवटी, निशाण्याकडे तोंड करून उभं राहिल्यावरच. सहापैकी पाच घरं भरायची, घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. टोपी सैल असेल किंवा गोळी ढिली असेल तर एका घराची आग शेजारच्या घरात जाते आणि दोन-तीन बार एकदम उडतात. म्हणून दुसरा हात सिलिंडरच्या पुढे कधीही आणायचा नाही.

बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून मिनिटभर थांबा. दारू उशिरा पेटू शकते. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याखाली अडकतात. रेंजवरचा शिकवणारा सांगेल तशी नळी समोरच पण जराशी वर करून घोडा ओढला की ते बाहेर पडतात.

आणि हे कायमचं लक्षात ठेवा: आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू या हत्यारात चिमूटभरसुद्धा घालायची नाही. तिचा दाब हे लोखंड सोसत नाही. फटाक्यातली दारू, गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामातली दारू, घरी बनवलेली दारू, काहीही नाही. आपल्याकडे दारू आणि टोप्याही कायद्याने दारूगोळ्यातच येतात, त्या फक्त परवान्यावर आणि परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायच्या.

६. साफसफाई: त्याच दिवशी, पाण्यानेच

काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खायला लागतात. जुन्या प्रकारच्या टोप्यांतून तर क्लोराईडही येतं, म्हणजे मिठाचाच प्रकार. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात किंवा रॉकेलमध्ये नाही. "लोखंडाला पाणी कसं लावायचं?" म्हणून रॉकेलचं फडकं फिरवणारे लोक वरचा चिकटा काढतात, मीठ मात्र आतच ठेवतात. आठवड्याभरात नळीत खड्डे पडतात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

चालवलेल्या प्रतिकृतीसाठी पद्धत अशी. पाचर काढून नळी आणि सिलिंडर वेगळं करा. मुठीच्या लाकडी फळ्या काढून बाजूला ठेवा. निपल त्यांच्या पान्यानेच काढा, पकडीने कडा गोल होतात. सगळं कडक गरम पाण्यात घाला, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. ब्रश नळीतून आणि प्रत्येक घरातून फिरवा. पाणी क्षणात शाईसारखं काळं होतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो गंधकाचा. पाणी बदला, पुन्हा फिरवा, वास आणि काळेपणा जाईपर्यंत. निपलच्या छिद्रात दात कोरायची लाकडी काडी घाला, तार नको.

शेवटचं पाणी शक्य तितकं गरम घ्या, म्हणजे लोखंड तापून स्वतःच कोरडं होतं. तरीही लगेच टिपा, ओल्या स्वच्छ लोखंडावर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो. टिपायला आपल्याकडच्या टेरी टॉवेलचे जुने तुकडे उत्तम, पाणी पटकन ओढतात. नळीतून ओढायला मात्र जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या घ्या, टॉवेलचे धागे आत सुटतात. मग तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी पट्टी परत फिरवून बघा. तपकिरी छटा आली तर सगळं पुन्हा करा.

तेलाबद्दल सोलापूरकरांना मुद्दाम सांगायला हवं. आपल्या घरात करडईचं तेल हाताशी असतं आणि जुने लोक तेच लावतात. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं आहेत. हवेत त्यांचा पापुद्रा धरतो, खटके चिकटतात, आणि त्या पापुद्र्याखाली गंज निवांत वाढतो. लोखंडाला शिवणयंत्राचं किंवा बंदुकीचं खास हलकं तेल लावा. जवसाचं तेल मुठीच्या लाकडाला मात्र छान, अगदी पातळ हात द्या आणि पुसून काढा. ते माखलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

न चालवलेल्या मूळ हत्याराला पाणीही लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, तेलाचं फडकं फिरवा, पुसा. वस्तुसंग्रहालयात वापरतात तसं सूक्ष्मस्फटिकी मेण मिळालं तर त्याचा पातळ थर तेलापेक्षा जास्त टिकतो. जुना गडद तपकिरी थर स्थिर असतो, त्याला हात लावू नका. नारिंगी, हाताला लागणारा गंज मात्र जिवंत आहे, तो तेलात भिजवून कापडाने हळूहळू काढा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी पितळी चाप-कडी सोन्यासारखी चमकेल, पण शिक्के आणि जुनेपण दोन्ही जाईल.

शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ही भांडी आणि ब्रश स्वयंपाकघरात परत आणायचे नाहीत.

७. सोलापूरच्या हवेत ठेवायचं कसं

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी पडते, मुठीचं लाकूड आकसतं आणि चिरा पडतात. गच्चीखालच्या माळ्यावर, पत्र्याजवळ ठेवू नका. उलट आपला पाऊस सप्टेंबरात जोर धरतो, तेव्हा ओलीचा त्रास. चामड्याच्या म्यानात किंवा मखमली पेटीत ठेवलेलं हत्यार सगळ्यात लवकर गंजतं, कारण चामडं ओल धरून ठेवतं. प्लॅस्टिकमध्येही नको. सुती कापडात सैल गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. बोटांच्या घामातही मीठ असतं, हाताळल्यावर पुसल्याशिवाय ठेवू नका.

कुलूपबंद लोखंडी कपाट, किल्ली एकाच माणसाकडे. दारू आणि टोप्या बाळगण्याचा परवाना असेल तर दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, देवघर आणि चुलीपासून लांब.

८. परवाना मिळाल्यावर

मुदत पाच वर्षांची असते. संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज द्या. पत्ता बदलला, शहरातून गावात किंवा गावातून शहरात गेलात, तर तशी नोंद करून घ्या. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. ते जमा करताना क्रमांकासह पावती घ्या आणि हत्याराचा ताजा फोटो काढून ठेवा. देण्याआधी तेलाचा हात मारा, कारण तिथे ते कुणी पुसणार नाही. परत मिळालं की घरी येताच पाचर, निपल आणि सिलिंडर एकेक तपासून मगच कपाटात ठेवा.